टायरवरचा आकडा आणि आपली वाट

मुलांनो, आज घरी गेलात की एक काम करा. तुमची, ताईची नाहीतर आजोबांची, जी कुठली सायकल घरात असेल तिच्याजवळ उकिडवे बसा आणि ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसून काढा. धूळ-चिखल निघाला की रबरावर उठावाची अक्षरं दिसतील. कंपनीचं नाव असेल, ते सोडून द्या. त्याच्या शेजारी दोन आकडे आणि त्यांच्या मध्ये गुणाकाराची खूण सापडेल. २६ × १.७५, २६ × १ ३/८, २८ × १ १/२ किंवा असंच काहीतरी. सापडलं? मग वहीत उतरवून घ्या.

"झालं! बाई आता सायकलीतही गणित घालणार!" असं कुणीतरी पुटपुटलंच. हो, थोडं गणित आहे खरं. पण हे गणित चुकलं तर लाल शाईची फुली मिळत नाही. पायात गोळे येतात, बाबांचे पैसे वाया जातात आणि कधीकधी भर पावसाळ्यात शाळाच बुडते. म्हणून म्हणते, जरा नीट ऐका.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात पहिली ते चौथीला शिकवते. घर ते शाळा सात किलोमीटर. पहिले साडेचार किलोमीटर डांबरी सडक. मग दोन किलोमीटर मुरमाचा रस्ता, म्हणजे वर सैल खडी, मध्ये खड्डे आणि कडेला बाभळी. शेवटचा अर्धा किलोमीटर पाणंद, तीही काळ्या मातीची. उन्हाळ्यात ती दगडासारखी कडक असते आणि एक पाऊस पडला की साबणासारखी निसरडी अन् डिंकासारखी चिकट होते. एकाच वाटेवर तीन रस्ते! तुमच्यापैकी पुष्कळांची शाळेची वाट अशीच असणार. मग अशा वाटेला सायकल कुठली घ्यावी? चाक केवढं, टायर केवढा जाड? जाहिरातीत सायकल नेहमी डोंगरावरून उडी मारत असते. आपल्याला तर दप्तर घेऊन वेळेवर प्रार्थनेला उभं राहायचं असतं!

आधी तो आकडा वाचायला शिकू. पहिला आकडा चाकाची उंची सांगतो, टायरसकट, इंचांत. दुसरा टायरची जाडी सांगतो, तोही इंचांत. म्हणजे २६ × १.७५ हे साधारण सव्वीस इंच उंच चाक आणि पावणेदोन इंच जाड टायर. सोपं आहे ना? पण थांबा, इथेच खरी गंमत आहे. गणिताच्या वहीत १ ३/४ आणि १.७५ सारखेच. दोन्ही पावणेदोन. सायकलीच्या दुकानात मात्र ते सारखे नाहीत! २६ × १ ३/४ असा टायर अमेरिकेतल्या जुन्या सायकलींना असे. तो आणि २६ × १.७५ हे दोन वेगवेगळ्या रिमचे टायर आहेत, एक दुसऱ्यावर बसत नाही. निरनिराळ्या देशांतल्या कारखान्यांनी आपापली मापं ठरवली आणि नावं मात्र मिळतीजुळती ठेवली, त्यातून हा घोळ झाला.

घोळ निस्तरण्यासाठी पुढे एक जागतिक माप ठरलं. तेही टायरवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ४७-५५९ असं काहीतरी. यातला ४७ म्हणजे टायरची जाडी मिलिमीटरमध्ये. आणि ५५९ म्हणजे टायरची कडा रिममध्ये जिथे घट्ट बसते तिथला व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. हा तीन अंकी आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. तो जुळला तरच टायर रिमवर बसतो.

एक कोडं घालू? २८ मोठं की २९? हसू नका. दूधवाले काका चालवतात ती उंच, काळी सायकल २८ × १ १/२ ची. तिचा तीन अंकी आकडा ६३५. आणि आजकाल दुकानात मिळणाऱ्या २९ इंची सायकलीचा ६२२! म्हणजे अठ्ठावीसची रिम एकोणतीसच्या रिमपेक्षा मोठी निघाली. मग तिला २९ का म्हणतात? तर तिच्यावर जाडजूड टायर चढवला की बाहेरून मोजल्यावर साधारण एकोणतीस इंच भरतात म्हणून. आता तुम्हीच सांगा, नुसत्या नावावर विसंबून चालेल का?

आता चाकाची उंची कशी ठरवायची ते बघू. स्वयंपाकघरातून एक ताटली आणि बाटलीचं एक झाकण आणा. जमिनीवर पेन्सिल आडवी ठेवा आणि दोन्ही उभी धरून पेन्सिलीवरून घरंगळत न्या. झाकण अडखळतं, ताटली सहज पार होते. खड्ड्याचंही तसंच. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, म्हणून मुरमावर मोठं चाक चांगलं.

"मग सगळ्यांनी मोठंच चाक घ्यावं की!" नाही हं. तुमच्या घरी वाढत्या अंगाचे कपडे शिवतात ना? बाही दुमडली की भागतं. पण वाढत्या अंगाची सायकल घेऊ नये. सैल मुरमावर चाक घसरलं तर पटकन पाय टेकता यायला हवा, आणि उंच सायकलीवर तो पोचतच नाही. आई-बाबांनो, हे खास तुमच्यासाठी. चौथी-पाचवीच्या मुलाला साधारण २० किंवा २४ इंचांचं चाक पुरतं. सातवी-आठवीत उंची वाढली की २६ जमतं. वर्गापेक्षा उंची बघा. आणि दुकानात मुलाला सायकलीवर बसवूनच घ्या. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, हँडल धरताना हात ताणले जाता कामा नयेत.

चाक ठरलं, आता जाडी. इथे मला तुम्हांला एका गुरांच्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली पाहिजे. जॉन बॉइड डनलॉप त्यांचं नाव, गाव बेलफास्ट. १८८८ सालापर्यंत सायकलींना भरीव रबराची धाव असे. दगडी रस्त्यावर हाडं खिळखिळी व्हायची. डनलॉपसाहेबांचा छोटा मुलगा तीनचाकी चालवायचा. त्याच्यासाठी त्यांनी रबराची नळी करून तीत हवा भरली, ती एका चाकाला बसवली आणि अंगणात दोन चाकं सोडून पाहिली, एक भरीव रबराचं आणि एक हवेचं. हवेचं चाक कितीतरी लांब गेलं! खरं तर हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने १८४५ मध्येच नोंदवली होती. पण तेव्हा आजच्यासारखी सायकलच नव्हती, म्हणून ती मागे पडली.

हवेचं चाक लांब का गेलं? भरीव चाक प्रत्येक खड्यावर उडी मारतं. त्याच्याबरोबर सायकल उडते, तुम्ही उडता. तुम्हांला वर उचलायला जी ताकद लागते ती तुमच्याच पायांतून जाते, आणि पुढे जायला ती उपयोगी पडत नाही. हवेचा टायर मात्र खड्याला पोटात घेतो आणि पुढे सरकतो. जितका जाड टायर, तितकी हवा कमी ठेवता येते आणि तितका मोठा खडा पोटात मावतो.

आता बेरीज-भागाकार. समजा मुलगी ३८ किलोची, सायकल १८ किलोची, दप्तर ४ किलोचं. (दप्तर याहून जड असेल तर बाईंना सांगा!) एकूण ६० किलो. त्यातले साधारण ३६ किलो मागच्या चाकावर येतात. टायरमध्ये ३५ पीएसआय हवा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो दाब झाला. ३६ भागिले अडीच, म्हणजे साधारण १४ चौरस सेंटिमीटर. मागचा टायर जमिनीला टेकतो तो एवढाच, काडेपेटीहून थोडा लहान! हवा दुप्पट भरा, ७० पीएसआय करा. आता टेकतो फक्त ७, म्हणजे अर्धी काडेपेटी. गुळगुळीत डांबरावर अर्धी काडेपेटी ठीक आहे, पण सैल मुरमात ती रुतते आणि घसरते. तिथे पूर्ण काडेपेटी हवी. मात्र बारीक टायरमध्ये हवा फार कमी केली तर खड्ड्यात रिम खाली आदळते आणि ट्यूब मध्ये चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. म्हणून कमी हवा चालवायची तर टायर जाड हवा. जाडी आणि हवा ही जोडीनेच ठरवायची असतात.

"मग सगळ्यांत जाड टायरच बरा!" असं वाटलं ना? आजकाल मोटारसायकलीसारखे जाड टायर लावलेल्या सायकली दिसतात. वाळूवर त्या झकास चालतात. पण त्या जड असतात, आणि आपल्या वाटेत चार-पाच किलोमीटर डांबर आहे. तिथे ते मोठमोठे ठोकळे घूंऽऽ असा आवाज करत तुमची ताकद खात राहतात. शिवाय आमच्याकडची काळी माती. ओली झाली की ती टायरला गुंडाळून वर येते आणि टायर आणि मडगार्डच्या मध्ये, नाहीतर पुढच्या चिमट्यात जाऊन बसते. टायर जाड असेल तर मध्ये फट उरत नाही, चाक जाम होतं, आणि मग सायकलीवर आपण नसतो, आपल्या खांद्यावर सायकल असते! म्हणून टायर आणि चिमट्यामध्ये दोन्ही बाजूंना निदान तुमची करंगळी जाईल एवढी जागा हवी.

माझ्या सायकलीचे टायर झिजले तेव्हा मी हा हिशेब कागदावर मांडला. माझ्या रिमचा आकडा ५५९. त्या एकाच रिमवर दीड इंच, पावणेदोन इंच आणि सव्वादोन इंचांच्या आसपासचे, असे तीनही टायर बसतात. डांबर साडेचार किलोमीटर, म्हणून फार जाड नको. मुरूम दोन किलोमीटर, म्हणून फार बारीकही नको. पाणंदीतल्या चिखलाला फट हवी. मी २६ × १.७५ घेतला. नक्षी अशी निवडली की मध्ये जवळजवळ सलग पट्टी आणि दोन्ही कडांना ठोकळे. डांबरावर मधली पट्टी गुपचूप धावते. मुरमात टायर थोडा रुतला की कडेचे ठोकळे माती धरतात. आणि बाभळीचे काटे, सराटे यांच्यासाठी टायरच्या पोटात जाड अस्तर आहे. पंक्चर अजूनही होतं, पण पूर्वीइतकं नाही.

आता एक खरी हकीगत. माझ्याकडे चौथीपर्यंत शिकलेली एक मुलगी पुढे आठवीत गेली. हायस्कूल सहा किलोमीटरवर. तिला सायकल मिळाली ती नेहमीची, मुलींची, २६ × १ ३/८ ची. जून लागला आणि मुरमाच्या रस्त्यावर ती दोनदा पडली. तिच्या वडिलांनी तालुक्याहून जाड टायर आणला, २६ × १.९५. तो काही केल्या बसेना. संध्याकाळी ते टायर गळ्यात अडकवूनच माझ्याकडे आले.

"बाई, सव्वीसला सव्वीस हाय की. मग बसंना कसं काय?"

मी म्हटलं, "भाऊ, बारीक अक्षरं वाचा." आणलेल्या टायरवर ५५९ होतं. सायकलीच्या टायरवर ५९०. एकतीस मिलिमीटरचा फरक, तो ओढून-ताणून कसा भरून निघणार? टायर वापरलेला नव्हता म्हणून दुकानदाराने बदलून दिला, हे नशीब. पण खरी काळजी टायरची नव्हतीच. घरी आजी म्हणत होती, "पावसाळाभर राहू द्या पोरीला घरी. दिवाळीनंतर बघू." मुलांनो, हे "बघू" मी पुष्कळ ऐकलं आहे. पुष्कळ मुलींच्या बाबतीत दिवाळी येते, जाते, आणि बघणं राहून जातं. नव्या सायकलीला पैसे नव्हते. आहे त्याच सायकलीवर वाट काढायची होती.

मग रविवारी आम्ही तिघं वाट मोजायला निघालो. मोजायला टेप लागत नाही बरं का! टायरवर खडूची खूण करायची. २६ इंची चाकाचा एक फेरा साधारण दोन मीटरचा. खूण खाली आली की एक. अशा पाचशे फेऱ्यांचा एक किलोमीटर. मुलगी मोठ्याने मोजत होती आणि वडील वहीत लिहीत होते. निघालं काय? सहा किलोमीटरपैकी साडेचार डांबरी. उरलेल्या दीडमध्ये अकराशे मीटर बरा मुरूम. खरा वाईट, चिखलाचा तुकडा फक्त दोनशे फेऱ्यांचा. म्हणजे चारशे मीटर!

वडील वहीकडे बघतच राहिले. "आन् आमी म्हणायलो, सगळा रस्ताच खराब."

मग उपाय सुचायला वेळ लागला नाही. रिम ५९०ची, म्हणून फार जाड टायर बसणार नव्हता. ३७-५९०चाच पण नव्या, खोल नक्षीचा टायर घेतला. हवा टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत ठासून भरायची नाही, थोडी कमी ठेवायची. पंक्चरवाल्या काकांकडे मीटर होतं, त्यांच्याकडून दर पंधरवड्याला मोजून घ्यायची. पुढचं मडगार्ड थोडं वर उचलून बांधलं. आणि त्या चारशे मीटरसाठी कुठलाही टायर चालत नाही, हे मान्य करून टाकलं. ओल्या दिवशी तिथे उतरायचं, सायकल गवताच्या कडेने हाताने न्यायची, चिखल अडकला तर कॅरिअरला बांधलेल्या काडीने काढायचा आणि घरून दहा मिनिटं लवकर निघायचं. आजीला ही दहा मिनिटं पटली. त्या पावसाळ्यात तिची शाळा बुडली ती फक्त ओढ्याला पूर आला तेवढे चार दिवस.

आपल्यालाच नाही, जगातल्या नामांकित सायकलपटूंनाही हा हिशेब चुकत नाही. फ्रान्समध्ये पॅरिस-रूबे नावाची शर्यत आहे, १८९६ साली सुरू झालेली. अडीचशे किलोमीटरहून लांब. त्यातले पन्नासएक किलोमीटर ओबडधोबड दगडी फरसबंदीचे, बाकी डांबर. शर्यतीच्या सायकलींचे टायर पूर्वी अगदी बारीक असत. अलीकडच्या वर्षांत तिथले शर्यतपटू ३० मिलिमीटर आणि त्याहून जाड टायर लावतात, आणि तरीही वेगाने जातात. वाट मिश्र असेल तर नुसता बारीक टायर म्हणजे वेग नव्हे, हे त्यांनाही उमगलं.

मोठ्या माणसांना एक विनंती. नवी सायकल घ्यायची असेल आणि वाट अशी मिश्र असेल, तर पैसे गिअरवर आणि पुढच्या स्प्रिंगच्या चिमट्यावर घालण्याआधी टायरकडे बघा. स्वस्त सायकलीतला स्प्रिंगचा चिमटा वजन वाढवतो, काम थोडंच करतो. पावणेदोन ते दोन इंचांचा, बेताच्या नक्षीचा टायर तेच काम कमी पैशांत करतो. आणि गावातल्या पंक्चरवाल्या काकांना विचारा, "या मापाची ट्यूब तुमच्याकडे मिळते का?" मिळत नसेल, तर ती सायकल कितीही सुंदर असो, मंगळवारच्या बाजारापर्यंत घरात उभी राहील.

तर दोस्तांनो, या आठवड्याचा उद्योग असा. खडू घ्या, टायरवर खूण करा आणि घर ते शाळा फेरे मोजा. जोडीला मित्र घ्या, एकाने मोजायचं आणि एकाने लिहायचं. वाहनांचा रस्ता असेल तर घरचं कुणी मोठं माणूस बरोबर हवंच. वहीत चार रकाने करा : डांबर, मुरूम, माती, चिखल. शेवटी बेरीज करा. जास्तीत जास्त फेरे कुठे पडतात ते बघून नक्षी ठरवा. सगळ्यांत वाईट तुकडा कुठला ते बघून जाडी ठरवा. आणि जिथे कुठलाच टायर चालणार नाही, तिथे खुशाल उतरून चाला. त्यात कमीपणा कसला?

शेजारच्या बंड्याकडे कुठली सायकल आहे, हे त्या वहीत कुठेच लिहायचं नाही. बंड्याची वाट वेगळी, तुमची वेगळी.